तलावाला लावलेलं विरजण

"बोला, भूमाता की..."

"जय!"

सन ऐंशीचा उन्हाळा. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते आणि हिवरटोलीच्या तलावाच्या पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. एकोडीचे लोक बैलबंड्या जुंपून आले होते. साकोलीकडून सायकलीच सायकली. पोट्टे आंब्याच्या फांद्यांवर लटकलेले, बाया पदर ओढून दाटीवाटीनं उभ्या. आदल्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. तलाव आटून मधे एक डोह तेवढा उरला होता. त्या डोहाच्या काठी तीन दगडांची चूल पेटली होती, चुलीवर पितळी गंज, म्हणजे मोठं पातेलं, आणि गंजाशेजारी आचार्य भूगर्भानंद.

खाली भगवी लुंगी, वर डॉक्टर घालतात तसा पांढरा कोट. गळ्यात रुद्राक्षांची माळ आणि त्या माळेलाच लटकवलेलं एक भिंग. अध्यात्म आणि विज्ञान एकाच दोऱ्यात ओवून माणूस आला होता. आता शंका घ्यायची कोणाची छाती होती?

"सज्जनहो, मुंबईच्या समुद्रात तेल निघालं की नाही?"

"निघालं जी!"

"पेपरात वाचलं की नाही?"

"वाचलं जी!" ज्यांनी जन्मात पेपर हातात धरला नव्हता ते सर्वांत मोठ्यानं ओरडले.

"कॅनडा नावाचा देश आहे. तिथं तेल विहिरीत नाही, वाळूत आहे! वाळूच्या कणाकणाला डांबर चिकटलेलं. गोऱ्या लोकांनी राक्षसाएवढ्या मशिनी लावल्या, कोळसा जाळला, घाम गाळला. मी म्हटलं, अरे बाबांनो, मशीन कशाला? सूक्ष्म गण आहेत ना! डोळ्याला दिसत नाहीत, पण काम करतात. दुधाचं दही कोण करतो?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

"गण! आणि मोहाची दारू कोण करतो?"

"आमचा इश्वर!" मागून कोणीतरी ओरडलं आणि अख्खी पाळ खदखदून हसली. इश्वर स्वतःही हसला. आचार्यांनी हसू दिलं. माणूस मुरलेला होता.

"तोही गणांच्याच कृपेनं करतो! तेच गण वाळूतून तेल सोडवतात. त्यांचं मूळ विरजण मी हिमालयात बारा वर्षं सांभाळलं आहे."

मग आचार्य स्वतः कुदळ घेऊन काठावर गेले, पाच पावलं मोजली, डोळे मिटले आणि एका जागी खणलं. हातभर खाली काळीशार वाळू लागली. ती वाळू गंजातल्या गरम पाण्यात पडली, वर मडक्यातलं विरजण तीन पळ्या पडलं, आणि पळसाच्या काडीनं ढवळत आचार्य गरजले, "ॐ सूक्ष्मजंतवे नमः!"

चहा व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. पाण्यावर काळा, चकचकीत थर चढू लागला. आचार्यांनी तो पळीनं काढून कापसाच्या वातीला लावला, काडी ओढली, आणि वात भकभक पेटली. गंज पालथा केला तर खाली वाळू, धुऊन काढल्यासारखी स्वच्छ.

"माय वो!" पुढे उभ्या असलेल्या चंद्रभागाबाईंनी हातच जोडले. मग सगळ्या पाळीनं जोडले.

मी सुद्धा रेटारेटी करून पुढे गेलो होतो. पण माझे हात जोडले गेले नाहीत. त्या स्वच्छ वाळूत मला एक खडा दिसला होता. नखाएवढा, काळा, धारदार. तलावातले खडे घासून गोल झालेले असतात. हा खडा गिट्टीचा होता, मशिनीत फोडलेल्या गिट्टीचा. आणि त्या वातीच्या धुरात डांबराबरोबर रॉकेलचा वास होता.

तो वास मी झोपेतही ओळखला असता. मी टिकाराम, गाव अड्याळ, रस्त्याच्या कामावरचा मुकादम. एकोडीहून हिवरटोलीला येणाऱ्या रस्त्यावर त्या उन्हाळ्यात डांबर पडत होतं आणि माझी गँग गावाबाहेर पालं ठोकून राहिली होती. बावीस वर्षं मी डांबराचा धूर खाल्ला आहे. किती तापलं, किती पातळ केलं, त्यात किती रॉकेल गेलं, हे मी ड्रमात न डोकावता सांगतो.

आणि ती वाळू कुठली हेही मला त्या क्षणी कळलं. ती माझीच होती.

आम्ही भट्टीभोवती वाळू पसरतो. सांडलेलं डांबर ती वाळू पिते, संध्याकाळी खरडून बाजूला ढीग मारतो. त्या ढिगाला कोणी विचारत नाही. पंधरा दिवसांपूर्वी एक गोड बोलणारा गृहस्थ आला. म्हणाला, "मुकादमसाहेब, तलावाजवळच्या माझ्या कुटीच्या खांबांना वाळवी लागली आहे. ही टाकाऊ वाळू चार पोती मिळेल का?" बावीस वर्षांत मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं. मी फुगलो. दोन माणसं लावून पोती भरून दिली, वर चहा पाजला. तेव्हा त्याच्या अंगावर पांढरा कोट नव्हता, एवढाच फरक.

मग मी त्याच वेळी ओरडलो का नाही? ओरडायला हवं होतं. पण ठेकेदाराचा माल न विचारता दिला, हे चार गावांसमोर कबूल करायचं? काम गेलं असतं. शिवाय लाज. ज्याला अख्खा तालुका नमस्कार करतो आहे त्याला मीच सामान पुरवलं, हे कोणत्या तोंडानं सांगू? मी मनाशी म्हटलं, चार दिवस तमाशा चालेल, मग जाईल निघून. कोणाचं काय जातं?

कोणाचं काय जातं, हे तीन शब्द मी त्यानंतर कधी उच्चारले नाहीत.

तमाशा चार दिवसांत संपला नाही, वाढला. पाळीच्या खालच्या अंगाला पाझराचं पाणी साचायचं. तिथल्या तांबड्या गाळावर इंद्रधनुष्याच्या रंगाचा तवंग दिसायचा. आचार्यांनी लोकांना तिथं नेलं आणि भिंग धरून सांगितलं, "पाहा! खाली तेल आहे, हा त्याचा श्वास आहे!" झालं. लोक बाटल्या घेऊन तवंग भरायला आले. त्या दिवसांत रॉकेलसाठी साकोलीला अर्धा दिवस लाइनीत उभं राहावं लागायचं, पंपाला डिझेल मिळत नव्हतं. आणि इथं पायाखाली तेल!

एकच माणूस हे थांबवू शकला असता, हायस्कुलात विज्ञान शिकवणारे केवळराम गुरुजी. प्रामाणिक माणूस. अंगात येणाऱ्या बायांना पाणी मारून उठवणारा. ग्रामसभा भरली तेव्हा लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "मी एका मासिकात वाचलं आहे. परदेशात शास्त्रज्ञ खरंच जंतूंच्या मदतीनं वाळूतलं डांबर सोडवायचे प्रयत्न करत आहेत. हे अशक्य नाही."

ते खोटं बोलत नव्हते. परदेशात तसे प्रयत्न चालू होते. पण तिथल्या वाळूत डांबर आधीपासून आहे, आणि आपल्या वाळूत आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना इतका आनंद झाला होता की आपण मासिकात वाचलेली गोष्ट आपल्या गावच्या तलावावर आली! सरपंच पुंडलिकराव म्हणाले, "गुरुजीच म्हणतेत तं मंग बोलाचं कायले?" आणि ठराव झाला.

ठराव असा. उरलेल्या डोहातच विरजण लावायचं. गण पाण्यातून वाळूत उतरतील, तेल मोकळं करतील, आणि ते आपोआप वर येईल. पण गणांना खायला हवं. म्हणून घरोघरून गुळाची एक भेली आणि टोपलंभर मोहफुलं. अक्षय तृतीयेचा मुहूर्त. गावाबाहेर चार खड्डे खणले, आतून लिपले, त्यात गूळ, मोहफुलं, शेण आणि पाणी कालवलं. चौथ्या दिवशी ते फसफसू लागलं आणि वास असा सुटला की इश्वर खड्ड्याजवळून हलेना. "मी राखण करून राहिलो जी," असं तो येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचा. बायांनी पायांतली जोडवी आणि चांदीचे वाळे काढून दिले. चांदी पुरली की गण वाट चुकत नाहीत, असं आचार्यांचं शास्त्र होतं.

अशात एका दुपारी माझ्या पालासमोर एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काटक, डोक्यावर रिकामी टोपली. रेवताबाई. हिवरटोलीत ढिवरांची तीस घरं. तलावातली मासेमारी त्यांची. नवरा गोपीचंद ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष होता, पण तो तोंड उघडत नसे. बोलायची ती रेवताबाई.

"मुकादम भाऊ, तुमी डांबरवाले. मले एक सांगा. तेल फुटते काय?"

"म्हणजे?"

"चला, तुमच्या डोयानं पाहा. अन् चिमणीतलं थोडं तेल घेऊन चला."

मी शिशीत रॉकेल घेऊन तिच्यामागे पाझराशी गेलो. तिनं एक वाळकी काडी उचलली आणि त्या रंगीत तवंगात घातली. तवंग तडकला. पातळ पापुद्र्यासारखे त्याचे तुकडे झाले आणि ते तुकडे वेगवेगळे तरंगत राहिले. मग तिनं बाजूच्या स्वच्छ पाण्यात माझ्या रॉकेलचा थेंब टाकायला लावला. तो पसरला, तसेच रंग दिसले. तिनं त्यातून काडी ओढली. काडी पुढे गेली आणि रॉकेल मागे लगेच मिटलं.

"पाह्यलं? तेल जुडते. हे जुडत नाई. माह्या आजीच्या टायमापासून ही लोखंडाच्या गंजाची साय इथं येऊन राहिली. दर उन्हाळ्यात येते, पाणी आलं का जाते. आजपावेतो कोणी तेल म्हटलं नाई तिले."

"गुरुजींना दाखवलं?"

"सांगतलं ना. म्हणाले, रेवताबाई, तुमचं काम मासे पकडाचं, हे शास्त्र आहे." तिनं काडी फेकली. "त्या डोहात आमचं बी हाये जी. मोठे रोहू, मोठे कतले. पाणी आलं का तेच अंडे टाकतेत, तलाव भरते. ह्या साली त्या डोहाबिगर आमच्याजवळ काहीच नाई. हे लोक त्याच्यात दारूचं आंबवण टाकाले निंगाले!"

माझ्यानं राहवलं नाही. चार पोती, वाळवी, साहेब म्हटलेलं, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शिव्या देईल वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमाले पयल्या रोजीच समजलं होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग काहून नाई बोलले?"

"काम गेलं असतं बाई."

"तुमचं एक काम गेलं असतं. आमचे तीस घरं हाये." तिनं टोपली डोक्यावर घेतली. "आता तरी बोलान का नाई?"

मी म्हटलं, बोलेन. पण साऱ्या लोकांसमोर, मुहूर्ताच्या दिवशी, त्याला रंगेहाथ पकडून. आज वाटतं, हाही माझा नखराच होता. त्याच दुपारी सरपंचांच्या घरी गेलो असतो तर खड्डे तरी निम्मे रिकामे राहिले असते.

अक्षय तृतीया उजाडली. पहिल्या दिवसाच्या तिप्पट गर्दी. आचार्यांनी गंज चढवला, "बोला भूमाता की" म्हटलं, आणि जय व्हायच्या आत मी पुढे झालो. एका हातात माझी पाणी तापवायची किटली, दुसऱ्या हातात पोतं.

"आचार्य, माझ्याजवळ हिमालयातलं विरजण नाही. कपडे धुवायचा सोडा आहे. चालेल का?"

"कोण आहे हा मूढ?"

"ओळखलं नाही? मी मुकादमसाहेब. वाळवी गेली का कुटीची?"

त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मी पोतं उघडून लोकांना दाखवलं. "ही माझ्या भट्टीजवळची वाळू. हीच चार पोती मी यांना दिली. यांनी त्यात आणखी रॉकेल चोळलं आणि काठावर पुरली. मीच दिली. माझी चूक. आता पाहा." वाळू गरम पाण्यात टाकली, मूठभर सोडा टाकला, ढवळलं. "माझ्या गँगमधल्या बाया रोज संध्याकाळी डांबराचे हात असेच धुतात. आधी रॉकेल चोळतात, मग सोड्याच्या गरम पाण्यात बुडवतात. त्यांना कोणी आचार्य म्हणत नाही."

काळा थर वर चढला. खाली स्वच्छ वाळू. मंत्र नाही, गण नाही. यांच्या मडक्यातसुद्धा सोडाच होता, मोहाचा वास फक्त वरून. पाळीवरचे लोक किटलीत डोकवायला पुढे सरकले.

पण मुरलेला माणूस तो! "पाहिलंत सज्जनहो? माझ्या नुसत्या उपस्थितीनं गण याच्या किटलीतही उतरले!" आणि काय सांगू, निम्म्या लोकांनी पुन्हा जय म्हटलं.

तेवढ्यात रेवताबाई लुगडं खोचून डोहात उतरली. कमरेएवढ्या पाण्यात वाकून तिनं तळाची वाळू टोपलीत भरली, तशीच निथळत वर आली आणि टोपली आचार्यांच्या पायाशी आपटली.

"घ्या जी. ही डोहाच्या मधातली हाये. हिच्यातून काढा."

सुटका नव्हती. वाळू गंजात गेली. विरजण तीन पळ्या, मग सहा, मग अख्खं मडकं. सूक्ष्मजंतवे नमः तीनदा झालं. वर आला तो फक्त पिवळा फेस. इश्वरनं वाकून वास घेतला आणि जाहीर केलं, "तेल नाई जी, पण पयल्या धारेची होऊन जाईन!"

हसण्याचा जो लोंढा फुटला त्यात आचार्य संपले. "गण विटाळले, मी गंगाजल आणतो," म्हणत ते कुटीत गेले आणि मागच्या बाजूनं निघून लाखांदूरच्या एसटीत बसले. बायांनी चांदी पुरलेली जागा उकरली. तिथं फडक्यात बांधलेले खडे होते.

लोकांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. मी रेवताबाईकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच हसली होती. अशी गोष्ट मी इथं संपवली असती तर वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. मलाही वाटलं असतं.

चंद्रभागाबाईंनी विचारलं, "मंग ह्या चार खड्ड्यायचं काय कराचं?"

सगळे खड्ड्यांकडे वळले. घरोघरचा गूळ होता तो, पोरांच्या तोंडचा. पुंडलिकराव खड्ड्यांकडे पाहत म्हणाले, "इतकं सारं फेकून देऊ काय?"

मग गुरुजी बोलले. अख्ख्या गावासमोर फसलेल्या शिक्षकाला काहीतरी वाचवायचं होतं. "माणूस लबाड निघाला. पण सूक्ष्मजंतूंचं शास्त्र खोटं नाही. कोणास ठाऊक, प्रयोग म्हणून..."

"बराबर!" पुंडलिकरावांनी शब्द उचलला. "बाबा खोटा होता, विरजण कायले खोटं असन? तयार आहेच तं टाकून देऊ. निंगालं तं निंगालं. नाई निंगालं तं आपलं काय जाते?"

माझेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून आले. मी ओरडलो, हात जोडले, सोडा दाखवला, किटली दाखवली. पण आता मी त्यांच्या बाजूचा नव्हतो. मी आशेच्या आड येणारा होतो. रेवताबाई खड्ड्यासमोर हात पसरून उभी राहिली.

"पयले एका टाक्यात पाहा ना जी! बैलायच्या टाक्यात चार मासे सोडा, त्याच्यात हे बादलीभर टाका. दोन रोज थांबा. मासे वाचले तं मंग खुशाल तलावात टाका. दोन रोजानं काय होते?"

माझ्या आयुष्यात इतकं शहाणपणाचं बोलणं मी कोणत्याही शिकलेल्या माणसाकडून ऐकलेलं नाही. गुरुजींनी मान खाली घातली. त्यांना कळलं होतं, हे मला अजूनही वाटतं.

"मुहूर्त टळून जाईन बाई," पुंडलिकराव म्हणाले. "अन् गूळच तं हाये. मासे खाऊन मोठे होतीन तुमचे!"

बादल्यांची रांग लागली. तिला बाजूला सारावंही लागलं नाही. लोक तिच्या दोन्ही बाजूंनी गेले. संध्याकाळपर्यंत चारही खड्डे डोहात रिकामे झाले.

तिसऱ्या दिवशी पहाटे कोणीतरी ओरडत आलं की डोह उकळून राहिला. सारं गाव धावलं. काहींनी डबे घेतले होते, तेल भरायला! डोह उकळत नव्हता. हजारो मासे तोंडं वर काढून हवा गिळू पाहत होते. ऊन वर आलं तसे ते उलटे झाले. हातभर लांबीचे रोहू, डोक्यानं मोठे कतले, पांढरी पोटं वर करून एकमेकांना खेटून पडले. मरळ तेवढी थोडी तगली. ती वर येऊन हवा गिळणारी जात. गोपीचंद पाण्यात उतरला आणि दोन्ही हातांनी मासे काठाकडे ढकलत राहिला. जन्मभर गप्प असलेला तो माणूस मोठमोठ्यानं रडत होता.

मासे खात्याचे एक साहेब भंडाऱ्याहून आले. तरुण पोरगा होता, समजावून सांगणारा. म्हणाला, "जंतू खरेच आहेत. तुम्ही त्यांना गूळ दिला, ते वाढले, आणि वाढताना त्यांनी पाण्यातली सगळी हवा खाल्ली. माशांना उरली नाही. पाझरावरचा तवंगही जंतूंचाच, लोखंडावर जगणाऱ्या. त्यात तेल नाही, फक्त गंज आहे. आणि वाळूतून डांबर सोडवणारे जंतू असले तरी ते चहा होईपर्यंत काम करत नाहीत. आठवडे लागतात, महिने लागतात. मुळात वाळूत डांबर असावं लागतं."

इतकं साधं होतं. खड्ड्यांतल्या विरजणात गण होते. त्यांनी आपलं काम केलं.

एवढं झाल्यावर तरी लोकांचे डोळे उघडले असतील, असं तुम्हाला वाटेल. महिन्याभरात गावात बोलणं सुरू झालं की आचार्यांचा मुकादमानं अपमान केला, ढिवराच्या बाईनं विधीत पाय घातला, म्हणून गण कोपले. नाहीतर तेल निघालंच असतं. चंद्रभागाबाई आजही पाझरावरच्या तवंगाला हळदकुंकू वाहतात. गुरुजींनी बदली मागून घेतली. जाताना मला भेटले आणि एवढंच म्हणाले, "मी टाक्यातला प्रयोग करायला हवा होता." आणि मी ज्या भीतीपायी गप्प बसलो तिचं काय झालं? ठेकेदाराला मी सगळं सांगितलं. तो हसला. "टाकाऊ वाळूच ना बे? द्यायची होती हवी तेवढी." बस, एवढंच.

पाऊस आला, तलाव भरला. तीस घरं जाळी घेऊन उतरली आणि रिकामी जाळी घेऊन वर आली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निम्मी घरं विटांच्या भट्ट्यांवर निघून गेली. रेवताबाई माझ्या गँगवर आली. आता ती भट्टीपासून रस्त्यापर्यंत डांबराची घमेली वाहते. मी तिला हलकं काम देऊ केलं, तिनं घेतलं नाही.

पहिल्या संध्याकाळी बाया हात धुवायला बसल्या. रेवताबाईनं रॉकेल चोळलं आणि दोन्ही हात सोड्याच्या गरम पाण्यात बुडवले. थोड्या वेळानं पाण्यावर काळा थर चढू लागला. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसली.

"आलं पाहा जी तेल," ती म्हणाली. बाकीच्या बाया हसल्या. मला हसता आलं नाही.

मी शिकलेला माणूस नाही. शास्त्राच्या मोठ्या गोष्टी मला येत नाहीत. पण बाबांनो, उद्या कोणी तुमच्या गावात चमत्कार घेऊन आला, कोटवाला असो की लुंगीवाला, तर जय म्हणायच्या आधी त्याला तुमची वाळू द्या. त्याची नको, तुमची. जे तलावात टाकायचं ते आधी टाक्यात टाकून पाहा. दोन दिवसांनी काही बिघडत नाही. ज्या बाईचं सारं आयुष्य त्या पाण्यात गेलं, तिला पाण्याबद्दल विचारा. आणि ज्याला खरं ठाऊक आहे त्यानं त्याच दिवशी तोंड उघडावं. मी दहा दिवस थांबलो. ते दहाही दिवस डोहात मासे जिवंत होते.